नोंद पक्की; पण माल खरा कशावरून?

एप्रिल महिना उजाडला की मुंबई-पुण्याच्या बाजारांत आंब्याच्या पेट्यांवर ‘देवगड’ आणि ‘रत्नागिरी’ ही नावे झळकू लागतात. त्यांतील किती आंबे खरोखर कोकणातून आलेले असतात, याविषयी घेणाऱ्याच्या मनात शंका असतेच. विक्रेता छातीठोकपणे ग्वाही देतो, पण दाखवण्याजोगा पुरावा बहुधा त्याच्याजवळही नसतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. तथापि पेटीवरील नाव आणि पेटीतील फळ यांचा मेळ घालणार कोण, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.

बागेतून निघालेला आंबा बागायतदार, गावातील खरेदीदार, वाहतूकदार, वाशीच्या बाजार समितीतील अडत्या, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता अशा अनेक हातांतून आपल्या घरी पोहोचतो. यांतील प्रत्येकाची वही वेगळी असते. प्रत्येकाला ठाऊक असते ते एवढेच, की माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला. संपूर्ण प्रवास एका जागी कोठेही नोंदलेला नसतो. व्यापाराच्या भाषेत या प्रवासाला ‘पुरवठा साखळी’ म्हणतात आणि ही साखळी पारदर्शक करण्याचा मार्ग म्हणून गेल्या दशकात ‘ब्लॉकचेन’ या तंत्राचा मोठा गाजावाजा झाला. त्यातून काही कंपन्यांना यश मिळाले, काही बडे प्रकल्प गुंडाळले गेले. या तंत्राने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे आता बऱ्याच स्पष्टपणे सांगता येते.

साखळीची कल्पना

ब्लॉकचेन हे नाव बिटकॉइन या आभासी चलनामुळे सर्वतोमुखी झाले. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्या चलनाची कल्पना मांडली गेली आणि जानेवारी २००९ मध्ये ते प्रत्यक्षात आले. परंतु नोंदींची साखळी गुंफण्याची मूळ युक्ती त्याहून जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये एक निबंध लिहिला. संगणकावरील दस्तऐवज अमुक दिवशी अस्तित्वात होता आणि त्यात नंतर फेरफार झालेला नाही, हे सिद्ध कसे करावे, हा त्यांचा विषय होता.

त्यांच्या उत्तराचा पाया ‘हॅश’ हा होता. कोणताही मजकूर एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून काढला की त्यातून अंक आणि अक्षरांची एक ठरावीक लांबीची ओळ मिळते. तिला त्या मजकुराचा अंगठ्याचा ठसा म्हणता येईल. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा पूर्णपणे बदलतो, आणि ठशावरून मूळ मजकूर मात्र ओळखता येत नाही. आता वहीच्या प्रत्येक पानावर मागील पानाचा ठसा उमटवत गेलो, तर काय होईल? दहाव्या पानावर कोणी खाडाखोड केली की त्या पानाचा ठसा बदलेल. तो अकराव्या पानावर नोंदलेल्या ठशाशी जुळणार नाही. अकरावे पान दुरुस्त करावे तर बारावे जुळणार नाही. लबाडी लपवायची तर त्यापुढील सारी वही नव्याने लिहावी लागेल.

हेही कोणी करील, अशी शंका रास्त आहे. त्यावर या संशोधकांनी शोधलेला तोडगा वृत्तपत्राच्या वाचकांना विशेष भावेल. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याला आपल्या नोंदींचा एकत्रित ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापण्यास सुरुवात केली. घरोघरी गेलेले आणि ग्रंथालयांत जपून ठेवलेले ते अंक परत गोळा करून बदलणे कोणाला शक्य होते? नोंद अनेकांच्या हाती असणे हेच तिचे संरक्षण होते. आजच्या ब्लॉकचेनमध्ये वृत्तपत्राची जागा संगणकांच्या जाळ्याने घेतली आहे. वहीची प्रत अनेक सहभागींच्या संगणकांवर असते, नवी नोंद सर्वांच्या प्रतींत एकाच वेळी चढते आणि एकट्याने आपली प्रत बदलली तर ती इतरांशी जुळत नाही.

व्यापारासाठी वापरली जाणारी ब्लॉकचेन बिटकॉइनपेक्षा एका बाबतीत निराळी असते. बिटकॉइनच्या जाळ्यात कोणीही अनोळखी माणूस शिरू शकतो आणि म्हणूनच तेथे खोटेपणा रोखण्यासाठी प्रचंड वीज खर्ची पडते. पुरवठा साखळीतील जाळी बहुधा परवानगीची असतात. उत्पादक, वाहतूकदार, बंदर, विक्रेता अशा ओळखीच्या सभासदांनाच त्यात प्रवेश असतो आणि कोणी काय पाहावे याचेही नियम ठरलेले असतात. त्यामुळे तेथे विजेची तशी उधळपट्टी होत नाही.

सात दिवस आणि दोन सेकंद

या तंत्राच्या प्रसिद्धीला कारणीभूत झालेले उदाहरण योगायोगाने आंब्याचेच आहे. अमेरिकेतील वॉलमार्ट या अवाढव्य किरकोळ विक्री कंपनीने २०१६ मध्ये आयबीएमच्या साहाय्याने दोन प्रयोग हाती घेतले. एक चीनमधील डुकराच्या मांसाचा आणि दुसरा अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आंब्यांचा होता. कंपनीचे तत्कालीन अन्नसुरक्षा प्रमुख फ्रँक यिआनस यांनी दुकानातील कापलेल्या आंब्याचे एक पाकीट सहकाऱ्यांसमोर ठेवले आणि हा आंबा कोणत्या शेतातून आला ते शोधण्यास सांगितले. दूरध्वनी, ईमेल आणि कागदपत्रांची शोधाशोध होऊन उत्तर मिळाले ते ६ दिवस, १८ तास आणि २६ मिनिटांनी. पुढे सर्व टप्प्यांच्या नोंदी ब्लॉकचेनवर आल्यानंतर तेच उत्तर २.२ सेकंदांत मिळाले.

हा केवळ चमत्कृतीचा खेळ नव्हता. २०१८ च्या वसंत ऋतूत अमेरिकेत रोमेन लेट्यूस या कोशिंबिरीच्या पाल्यातून ई-कोलाय जिवाणूंची बाधा पसरली. ३६ राज्यांतील २१० जण आजारी पडले आणि ५ जण दगावले. बाधित पाला अॅरिझोनातील युमा परिसरातून आला होता, पण नेमक्या कोणत्या शेतांतून, हे शोधण्यात आठवडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा तशीच साथ आली तेव्हा सरकारी आरोग्य यंत्रणेला देशभरातील नागरिकांना रोमेन लेट्यूस मुळीच खाऊ नका, असे सांगावे लागले. दोषी शेत ओळखता येत नसल्याने निर्दोष शेतकऱ्यांचा मालही कचऱ्यात गेला. दोन साथींच्या मधल्या काळात, सप्टेंबर २०१८ मध्ये, वॉलमार्टने पालेभाज्यांच्या पुरवठादारांना वर्षभरात आपल्या ब्लॉकचेनवर येण्यास फर्मावले होते. मागोवा लवकर लागला तर माणसे वाचतात आणि निरपराध शेतकऱ्याचे नुकसानही टळते, ही बाब वादातीत आहे.

मात्र या उदाहरणातील श्रेय नेमके कशाचे, हे तपासून पाहावयास हवे. सात दिवस लागले ते माहिती कागदांवर, निरनिराळ्या कपाटांत आणि निरनिराळ्या स्वरूपांत विखुरलेली होती म्हणून. दोन सेकंद लागले ते प्रत्येक टप्प्याने एकाच पद्धतीने, वेळच्या वेळी आणि संगणकावर नोंद केली म्हणून. ही शिस्त पाळली असती तर साध्या सामाईक संगणकीय नोंदवहीनेही उत्तर तितक्याच झटपट दिले असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जोखमीच्या खाद्यपदार्थांच्या मागोव्याचा नियम केला, त्यात ब्लॉकचेनची सक्ती नाही. मागणी केल्यापासून २४ तासांत नोंदी संगणकीय तक्त्याच्या रूपात सादर करता आल्या पाहिजेत, एवढीच मुख्य अपेक्षा आहे. तीही व्यापाऱ्यांना जड वाटली. अंमलबजावणीची मूळ मुदत जानेवारी २०२६ ची होती, ती ३० महिन्यांनी वाढवण्याचे प्रशासनाने २०२५ मध्ये जाहीर केले.

मग ब्लॉकचेनची गरज कोठे? जेथे अनेक पक्ष आहेत, त्यांचा परस्परांवर पुरेसा विश्वास नाही आणि सर्वांची वही सांभाळील असा सर्वमान्य कारकूनही नाही, तेथे. एकाच घरातील हिशेबासाठी तिची आवश्यकता नसते.

नाशिकच्या द्राक्षांचा धडा

याची प्रचीती महाराष्ट्राने ब्लॉकचेनचे नाव ऐकण्यापूर्वीच घेतली आहे. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि नाशिक, सांगली, सोलापूर भागांतील बागायतदारांचे धाबे दणाणले. युरोपची बाजारपेठ टिकवायची तर प्रत्येक पेटीतील घड कोणत्या बागेतला, हे सांगता येणे भाग होते. त्यातून ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या कृषिमाल निर्यात प्राधिकरणाने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली.

ग्रेपनेटची रचना साधी आणि म्हणूनच अभ्यासण्याजोगी आहे. निर्यातीसाठी बाग कृषी खात्याकडे नोंदवावी लागते आणि तिला क्रमांक मिळतो. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा बागेतील द्राक्षांचे नमुने घेते. तिचा अहवाल थेट प्रणालीवर चढतो. अहवाल अनुकूल असेल तरच पुढील प्रमाणपत्रे मिळतात आणि माल जहाजावर चढतो. पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा या व्यवस्थेत संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहते. प्रणाली उभी राहिली तेव्हा तिच्यात ब्लॉकचेन नव्हती. सरकारी प्राधिकरण हा सर्वमान्य कारकून उपलब्ध होता, म्हणून साध्या नोंदवहीवर काम भागले.

यातील मर्म नोंदीपेक्षा नमुन्यात आहे. बागायतदाराने ‘मी औषध जपून फवारले’ असे लिहून दिल्यावर प्रणाली थांबत नाही, कोणी तिसराच येऊन घड तोडून नेतो आणि तपासतो. तरीही २०१० मध्ये ही व्यवस्था एका ठिकाणी उघडी पडली. त्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनाचे अंश सापडले, कंटेनर अडकले आणि निर्यातदारांसह बागायतदारांना मोठा फटका बसला. बागा नोंदलेल्या होत्या, अहवाल चढलेले होते, मागोवा लागत होता. परंतु तपासावयाच्या रसायनांच्या यादीत या रसायनाचे नावच नव्हते. जे तपासले नाही ते नोंदवहीत दिसत नाही. हीच वही ब्लॉकचेनवर असती, तरी तो दोष तिने पकडला नसता.

खोट्याची पक्की नोंद

येथे आपण या तंत्राच्या मूळ मर्यादेपाशी येतो. ब्लॉकचेन एवढीच हमी देते, की एकदा लिहिलेले नंतर कोणी गुपचूप बदललेले नाही. लिहिले तेव्हा ते खरे होते की नव्हते, याविषयी ती काहीच सांगू शकत नाही. आभासी चलनात ही अडचण येत नाही, कारण ते चलन वहीबाहेर अस्तित्वातच नसते. नोंद हीच वस्तू असते. आंबा, औषध, मांस किंवा कापूस यांचे तसे नाही. ती वस्तू वहीबाहेर, ट्रकमध्ये किंवा गोदामात असते आणि तिच्याविषयीची हकिकत कोणा माणसाने वहीत लिहिलेली असते.

युरोपातील घोड्याच्या मांसाचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केले, की गोमांसाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बर्गरमध्ये घोड्याचे मांस सापडले आहे. पाहता पाहता युरोपातील अनेक देशांतील दुकानांतून तयार खाद्यपदार्थ मागे घेण्यात आले. तेथे नोंदींची उणीव नव्हती. माल एका देशातून दुसऱ्या देशात कागदपत्रांसह जात होता आणि त्या कागदांवर गोमांस असे लिहिलेले होते. सत्य बाहेर आले ते डीएनए चाचणीमुळे. कागदांऐवजी ब्लॉकचेन असती तर ‘गोमांस’ हा शब्द कायमचा आणि पुसता न येईल असा कोरला गेला असता, एवढाच फरक पडला असता. अर्थात खोटी नोंद कोणी केली, हे शोधणे तिने सोपे केले असते. लिहिणाऱ्याला पुढे हात झटकता येत नाहीत, हा तिचा उपयोग मुळीच क्षुल्लक नाही. पण तो गुन्हा उघडकीस आल्यानंतरचा उपयोग आहे.

वस्तू आणि नोंद यांतील ही फट बुजवण्याचे काही मार्ग आहेत. हिऱ्यासारख्या वस्तूला स्वतःचीच ओळख असते. प्रत्येक खड्याचे वजन, आकार आणि अंतरंगातील खुणा मोजून ठेवता येतात आणि पुन्हा पडताळता येतात. द्राक्षांचा घड किंवा आंब्याची पेटी अशी ओळख बाळगत नाही, म्हणून तेथे क्यूआर कोडची चिठ्ठी चिकटवली जाते. पण चिठ्ठी म्हणजे फळ नव्हे. रिकामी पेटी परत भरता येते आणि कोडची छायाप्रत हजार पेट्यांवर लावता येते. एकच कोड अनेक ठिकाणी तपासला गेला तर प्रणालीला संशय यावा, अशी सोय करता येते. मात्र त्यासाठी ग्राहकांनी तो तपासला पाहिजे.

दुसरा मार्ग बेरजेचा आहे. समजा, एखाद्या बागेत शंभर कलमे आहेत. त्या बागेतून एका हंगामात किती पेट्या निघू शकतात, याचा अंदाज कृषितज्ज्ञ बांधू शकतात. नोंदवहीत त्या बागेच्या नावावर त्याच्या तिप्पट पेट्या विकल्या गेल्या असतील, तर परका आंबा घुसला हे उघड आहे. सामाईक वही नसेल तर ही बेरीज कोणालाच करता येत नाही, कारण प्रत्येक व्यापाऱ्यापुढे आपल्यापुरत्याच पेट्या असतात. ब्लॉकचेनचा खरा लाभ अशा ठिकाणी आहे.

जहाज भरले, पण सोबती आले नाहीत

तंत्र उत्तम असूनही माणसे एकत्र आली नाहीत तर काय होते, याचे उदाहरण ‘ट्रेडलेन्स’चे आहे. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीने २०१४ मध्ये केनियातून नेदरलँड्सला जाणाऱ्या गुलाब आणि अॅव्होकाडोच्या एका कंटेनरचा मागोवा घेतला होता. त्या एका प्रवासात सुमारे ३० व्यक्ती व संस्थांचा संबंध आला आणि त्यांच्यात दोनशेहून अधिक वेळा कागदपत्रे व निरोपांची देवघेव झाली. हे कागदी जंजाळ संपवण्यासाठी मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स हे ब्लॉकचेनवर आधारलेले व्यासपीठ उभारले. अनेक बंदरे, सीमाशुल्क खाती आणि प्रतिस्पर्धी जहाज कंपन्याही त्यात आल्या. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीअखेर त्याचा कारभार आटोपला. संपूर्ण उद्योगाचे जागतिक सहकार्य साधता आले नाही, असे कारण मर्स्कने दिले.

सर्वांची म्हणून सांगितली जाणारी वही एका बड्या सभासदाच्या पुढाकाराने आणि मालकीने उभी राहिली, की इतरांना आपली गुपिते त्याच्या घरात ठेवल्यासारखे वाटते. कोणालाही न मानणाऱ्या तंत्राची पायाभरणी शेवटी कोणावर तरी विश्वास ठेवूनच करावी लागते, हा या प्रकरणाचा बोध आहे.

लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच प्रश्न आणखी टोकदार होतो. नोंदी करण्याचे श्रम, मोबाइल, प्रशिक्षण आणि तपासणीचा खर्च त्याच्या माथी येतो. साखळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या विक्रेत्याला मात्र त्याचे पीक, त्याचा भाव आणि त्याचा साठा घरबसल्या दिसू लागतो. काही बिघडले तर दोष दोन सेकंदांत शेतापर्यंत पोहोचतो. चांगल्या मालाबद्दलचा वाढीव पैसा तितक्याच वेगाने पोहोचतो का? ज्या व्यवस्थेत तो पोहोचणार नाही, तेथे शेतकरी नोंदी नाइलाजाने करील, आणि नाइलाजाने केलेल्या नोंदींवर किती विसंबावे, हे सांगण्याची गरज नाही.

पुढील हंगामात एखाद्या पेटीवरचा कोड मोबाइलने तपासल्यावर पडद्यावर बागेचे नाव, काढणीची तारीख आणि ‘ब्लॉकचेनवर प्रमाणित’ असे शब्द उमटले, तर आपण दोन गोष्टी विचाराव्यात. ही नोंद कोणी केली आणि ती करताना फळ प्रत्यक्ष कोणी तपासले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ब्लॉकचेन चोख देईल. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी कोणा निःस्पृह माणसाने एकदा तरी बागेत जाऊन यायला हवे, आणि त्याच्या त्या फेरीचा खर्च साखळीतील कोणीतरी उचलायला हवा.